कॉम्पोझिटचं पॉलिशिंग: डिस्क, रबर, स्पायरल आणि पेस्ट यांची पारख

ओला दात नेहमीच चकाकतो. लाळेचा किंवा पाण्याचा पातळ थर ओरखड्यांमध्ये भरतो आणि खुर्चीवरच्या दिव्याखाली कॉम्पोझिटचं, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनचं, फिलिंग झकास दिसतं. थ्री-वे सिरिंजने हवा मारून ते नीट कोरडं करा, आरसा तिरका धरा आणि मग बघा. कित्येकदा चकाकीच्या जागी धुरकट पट्टा दिसतो आणि बरच्या, म्हणजे दात कोरणाऱ्या फिरत्या टोकाच्या, रेघा मोजता येतात. पॉलिशिंगच्या कुठल्याही साधनाची पारख करायची ती या कोरड्या पृष्ठभागावर. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं याच कसोटीवर तपासून घ्यावं.

पुण्यात डेंटल डीलरकडे पॉलिशिंग किट मागितलं की साधारण चार प्रकारचा माल पुढे येतो: अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्क, अपघर्षक कण मिसळलेले रबराचे कप आणि पॉइंट, लवचिक बोटांची स्पायरल चाकं, आणि पेस्ट. आमचा कौल आधीच सांगतो. पुढच्या दातांच्या सपाट आणि बाहेर फुगीर भागाला चार पायऱ्यांच्या डिस्कला अजून तोड नाही. दाढांसाठी आणि दाताच्या खाचाखोचांसाठी दोन पायऱ्यांची डायमंड स्पायरल घ्यावी. एका पायरीत काम करणारं साधन चांगलं असतं, पण त्याच्याकडून जे काम करून घेतलं जातं ते बहुतेक वेळा त्याचं नसतंच. किट कोणतंही असो, एका पायरीने पाडलेले ओरखडे पुढच्या पायरीने पूर्ण पुसले पाहिजेत. हे झालं नाही तर महागातलं किटसुद्धा खडबडीत पृष्ठभागालाच चमक आणून देतं.

किती गुळगुळीत असलं म्हणजे पुरे? पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजताना सरासरी उंचसखलपणा मायक्रॉनमध्ये सांगतात. प्रोफाइलोमीटरची बारीक सुई पृष्ठभागावरून ओढली जाते आणि तिच्या वरखाली होण्याची सरासरी निघते. ०.२ मायक्रॉन हा आकडा १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या बोलेन, लँब्रेख्त्स आणि क्विरिनेन यांच्या आढाव्यातून आला. यापेक्षा जास्त खडबडीत पृष्ठभागावर प्लाक वाढत जातो, आणि याच्या खाली गेल्यावर जंतूंचं प्रमाण आणखी घटेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. पेशंटच्या जिभेला साधारण ०.३ मायक्रॉनचा फरकही कळतो. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते, त्यावरून जीभ किती बारीक वाचते याची कल्पना यावी. 'डॉक्टर, सिमेंट खरखरीत लागतंय' अशी तक्रार घेऊन पेशंट परत आला तर तो बहुधा बरोबरच असतो. त्याला 'सवय होईल' असं सांगून पाठवू नये.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. खडबडीतपणाचा आकडा आणि चकाकी या एकमेकींशी जोडलेल्या असल्या तरी एकच नाहीत. सरासरी सारखी असलेल्या दोन पृष्ठभागांपैकी एकावर उथळ लाटा असतील, दुसऱ्यावर मोजके पण खोल चर. पहिला चकाकेल, दुसऱ्यात चहाचा डाग बसेल. म्हणून कंपनीच्या पत्रकावरचा एकच आकडा बघून किट घेऊ नये.

आता हे खडबडीतपण येतं कुठून ते पाहू. कॉम्पोझिट म्हणजे मऊ रेझिनमध्ये बसवलेले कडक कण, म्हणजे फिलर. घासणारा कण फिलरपेक्षा कडक नसेल तर रेझिन झिजतं आणि फिलर टेकड्यांसारखे वर उभे राहतात. घासणारा कण कडक आहे पण मोठा आहे, किंवा हाताचा दाब जास्त आहे, तर फिलर मुळासकट उपटले जातात आणि खड्डे राहतात. रेझिन आणि फिलर एकाच पातळीवर कापले जाणं ही चांगल्या पॉलिशिंगची खूण. हिरा मोहच्या मापावर १०, अॅल्युमिनियम ऑक्साइड ९, सिलिकॉन कार्बाइड त्या दोघांच्या मध्ये. कॉम्पोझिटमधली काच या सगळ्यांपेक्षा मऊ असते, त्यामुळे कापण्याची ताकद तिघांकडेही आहे. खरा फरक पडतो तो कणाच्या आकारामुळे, कण कशात बसवले आहेत त्यामुळे आणि हाताच्या दाबामुळे.

म्हणूनच कॉम्पोझिट कोणतं हा प्रश्न पॉलिशरच्या आधी विचारायला हवा. जुन्या मायक्रोफिलमध्ये ०.०४ मायक्रॉनचे कण असायचे आणि ते आरशासारखं पॉलिश व्हायचं. मजबुती मात्र कमी. फिल्टेक झेड ३५० एक्सटी या नॅनोफिलमध्ये २० नॅनोमीटरचे सिलिका कण आणि त्यांचे घोस असतात. घासताना घोसातले सुटे कण निघतात, मोठा गोळा उपटला जात नाही, म्हणून चकाकी बराच काळ टिकते. टोकुयामाच्या एस्टेलाइट सिग्मा क्विकमध्ये ०.२ मायक्रॉनचे गोल कण आहेत आणि तो माल थोड्या कष्टात चमकतो. याउलट मोठ्या काचकणांचं हायब्रिड किंवा काही बल्क-फिल (एकाच जाड थरात भरायचा) माल कितीही घासा, एका मर्यादेपुढे जात नाही. जीसीचं एव्हरएक्स पोस्टेरियर काचेच्या तंतूंचं आहे. त्यावर नेहमीच्या कॉम्पोझिटचा थर हवाच. तो थर बाइट (दात मिटल्यावरची उंची) कमी करताना उडाला आणि तंतू उघडे पडले तर पॉलिशिंगने ते झाकणार नाहीत, वरून पुन्हा थर द्यावा लागतो.

मायलर स्ट्रिपखाली (पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीखाली) क्युअर केलेला, म्हणजे लाइट देऊन घट्ट केलेला, पृष्ठभाग सगळ्यांत गुळगुळीत असतो हे खरं. म्हणून 'पट्टी लावली, आता हात लावायचाच नाही' असा एक समज आहे. तो अर्धाच बरोबर. पट्टीला चिकटून रेझिनचा जास्त भरणा असलेला थर वर येतो. तो मऊ असतो, लवकर झिजतो आणि रंग पितो. आणि पट्टी काढल्यावर कडेला जास्तीचा माल काढावा लागतोच. पट्टीविना उघड्यावर क्युअर केलं तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर कच्चा, चिकट राहतो. शेवटच्या थरावर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा लाइट दिला तर तो कच्चेपणा जातो आणि पॉलिशरचा रबर चिकटून काळा होत नाही. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं हे काम आहे, तरी फार थोडेजण करतात.

बरचं काम

पॉलिशिंग बिघडतं ते बहुतेक वेळा पॉलिशिंगच्या आधी. निळ्या पट्टीच्या (बरच्या दांडीवरच्या पट्टीचा रंग त्याचा खरखरीतपणा सांगतो) मध्यम डायमंड बरने कॉम्पोझिटला आकार देणं ही त्यातली सर्वांत मोठी चूक. त्याचे चर इतके खोल असतात की रबर पॉइंट ते पुसूच शकत नाही. आकार देण्यासाठी लाल पट्टी, मग पिवळी, आणि जमल्यास पांढरी. प्रत्येक वेळी पाणी चालू, हात हलका, बर न थांबवता एका दिशेने फिरवत न्यायचा. दुसरा मार्ग म्हणजे कार्बाइडचे फिनिशिंग बर: आधी १२ पात्यांचा, मग ३० पात्यांचा. डायमंड पटकन कापतो पण रेघा मागे ठेवतो. कार्बाइड सावकाश कापतो आणि पृष्ठभाग बराच गुळगुळीत सोडतो. बोथट झालेला कार्बाइड मात्र कापत नाही, कडेला ठोकत राहतो, आणि कडेच्या एनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराला, बारीक तडे जातात.

फिलिंगच्या कडेला पांढरी रेघ दिसते ती इथूनच येते. क्युअर होताना कॉम्पोझिट आकसतं, कडेचं एनॅमल आधीच ताणलेलं असतं, आणि त्यावर कोरड्या जोरात बर फिरला की कड चिरते. ही रेघ पॉलिश करून जात नाही. उथळ असेल तर अगदी बारीक डिस्कने थोडी कमी होते, खोल असेल तर कड उकरून पुन्हा भरावी लागते. यावर उपाय म्हणजे बर आणि डिस्क दोन्ही कॉम्पोझिटकडून दाताकडे फिरतील अशा दिशेने धरायच्या. उलट दिशेने फिरवलं की कडेवरचा पातळ माल उचलला जातो.

हिरडीजवळचा जास्तीचा माल काढायला बर नेऊच नये. १२ नंबरचं सर्जिकल ब्लेड घेऊन दाताला समांतर धरून खरवडलं की कड स्वच्छ निघते आणि हिरडीतून रक्त येत नाही. रक्त आलं की त्या बैठकीत पॉलिशिंगचा नाद सोडलेला बरा.

डिस्क

सोफ-लेक्सच्या डिस्क सगळ्यांच्या परिचयाच्या. एक्सट्रा-थिन मालिकेत गडद नारिंगीपासून पिवळ्यापर्यंत रंग फिकट होत जातो: खरखरीत, मध्यम, बारीक, अतिबारीक. मध्यम डिस्कवरचे कण साधारण ४० मायक्रॉनचे, बारीकवर २४, अतिबारीकवर ८. या आकड्यांवरूनच कळतं की मध्यमवरून थेट पिवळ्यावर उडी का मारू नये. ४० मायक्रॉनच्या कणाने पाडलेला चर ८ मायक्रॉनचा कण पुसायला गेला तर फार वेळ लागेल. तेवढा वेळ कुणी देत नाही, आणि चरांच्या कडाच तेवढ्या चकाकतात. कोरडं केल्यावर दिसणारा तो धुरकट पट्टा म्हणजे हाच.

वापरण्याची पद्धत अशी: खरखरीत आणि मध्यम डिस्क मायक्रोमोटरवर सुमारे १०,००० फेऱ्यांवर, बारीक आणि अतिबारीक ३०,००० पर्यंत. प्रत्येक डिस्कला १५ ते २० सेकंद. डिस्क सपाट टेकवायची, तिच्या धारेने काम करायचं नाही. धार लागली की दातावर खंदक पडतो. आणि सगळ्यांत दुर्लक्षित पायरी: प्रत्येक डिस्कनंतर पाण्याने धुऊन, हवेने सुकवून मगच पुढची लावायची. मागच्या डिस्कचा एक सुटा कण जरी राहिला तरी पुढची डिस्क तोच कण दातावर ओढत नेते. बारीक डिस्कने अचानक मोठा ओरखडा पडला तर दोष डिस्कचा नसून न धुण्याचा असतो.

डिस्क मँड्रेलवर (तिला धरणाऱ्या दांडीवर) दोन्ही बाजूंनी बसते, हे नवशिक्यांना पटकन लक्षात येत नाही. दाताच्या मागच्या कडेला पोचायचं असेल तेव्हा डिस्क उलटी बसवावी, हात मुरगळावा लागत नाही. अर्धा इंच आणि तीन अष्टमांश इंच असे दोन आकार येतात. लहान तोंडाच्या पेशंटसाठी आणि लॅटरल इन्सायझरसाठी (समोरच्या मधल्या दाताशेजारच्या दातासाठी) छोटा आकार जास्त घ्यावा.

सोफ-लेक्सची खोट म्हणजे मधला धातूचा गोल. जोर दिला की तो कॉम्पोझिटला लागतो आणि राखाडी डाग उमटतो. डाग बारीक डिस्कने निघतो, पण वेळ जातो आणि आकारही बदलतो. शोफूच्या सुपर-स्नॅपमध्ये मधे धातू नाही, हा तिचा खरा फायदा. तिचे रंग काळा, जांभळा, हिरवा, लाल. पहिल्या दोन सिलिकॉन कार्बाइडच्या, पुढच्या दोन अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या. गुळगुळीतपणात दोन्हींमध्ये निवडण्याजोगा फरक नाही असं आमचं मत. हाताला सवय कोणत्या मँड्रेलची आहे त्यावर निवड करावी, कारण एकाची डिस्क दुसऱ्याच्या मँड्रेलवर बसत नाही.

डिस्कची दुसरी मर्यादा म्हणजे ती सगळं सपाट करते. वरच्या सेंट्रल इन्सायझरवर (समोरच्या मधल्या दातावर) उभे उंचवटे असतात, तरुण पेशंटमध्ये आडव्या बारीक रेघाही असतात. चारही डिस्क पूर्ण फिरवल्या की दात बाथरूमच्या टाइलसारखा दिसतो. शेजारच्या खऱ्या दातावर उजेड मोडून परत येतो, या दातावरून सरळ परततो, आणि शेड अचूक जुळूनही फिलिंग ओळखू येतं. म्हणून डिस्कने आकार आणि कड, मग पिवळ्या पट्टीच्या बरने अगदी अलगद उंचवटे, आणि पुढचं काम स्पायरल किंवा पेस्टवर. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर डिस्क निरुपयोगी.

डिस्क एकाच पेशंटसाठी असते. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकून पुन्हा वापरणं ही खोटी काटकसर, कारण वाफेने कण धरून ठेवणारा थर सैल होतो.

रबराचे कप आणि पॉइंट

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात. एक म्हणजे फिनिशिंगचा रबर, उदाहरणार्थ एनहान्स: रेझिनमध्ये बसवलेलं अॅल्युमिनियम ऑक्साइड. दुसरा म्हणजे पॉलिशिंगचा, उदाहरणार्थ पोगो: त्यात हिऱ्याचे सूक्ष्म कण. एनहान्स बऱ्यापैकी कापतो, म्हणून बरनंतर तो चालतो, पण त्यावर थांबलं तर पृष्ठभाग मॅट राहतो. पोगो चमक देतो, पण कापत जवळजवळ नाही. दोन्ही मिळून एक पद्धत होते. पोगो एकट्याने लाल पट्टीच्या बरनंतर लावला तर 'एका पायरीचं पॉलिशिंग' म्हणून जे वाट्याला येतं त्यात समाधान मानता येत नाही. मायलर पट्टीखाली क्युअर झालेल्या, फक्त कड साफ केलेल्या छोट्या फिलिंगवर मात्र पोगो अप्रतिम काम करतो. एक मिनिटही लागत नाही.

पोगोची मेख दाबात आहे. सुरुवातीला मध्यम दाब, मग हळूहळू दाब कमी करत शेवटी नुसता स्पर्श. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जोर दिला तर कॉम्पोझिट तापतं, वरचं रेझिन मऊ होऊन लेपासारखं पसरतं आणि क्षणभर चकाकी दिसते. तो लेप काही दिवसांत ब्रशने निघून जातो. 'त्या दिवशी मस्त दिसत होतं, आता फिकं पडलं' याच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

अॅस्ट्रोपोल ही तीन पायऱ्यांची रबर पद्धत: राखाडी, हिरवा, गुलाबी. पाण्याच्या फवाऱ्याखाली कमी गतीवर चालते, त्यामुळे तापण्याची भीती कमी. तिन्ही पायऱ्या केल्या तर चकाकी उत्तम. अडचण अशी की छोट्या पॉइंटचं टोक लवकर झिजतं, आणि टोक गेलं की आतली धातूची दांडी दाताला घासते. दर वापरानंतर टोक बघावं. हे पुन्हा वापरता येणारं साधन असल्यामुळे ऑटोक्लेव्हच्या आधी ब्रशने त्यातला कॉम्पोझिटचा चुरा काढणं गरजेचं. चुरा भरलेला रबर कापत नाही, फक्त तापवतो.

स्पायरल

लवचिक बोटांची चाकं बाजारात आल्यापासून दाढेच्या पॉलिशिंगचं चित्र खरंच बदललं. सोफ-लेक्सच्या डायमंड मालिकेत दोनच चाकं आहेत: आधी फिकट पिवळसर, मग गुलाबी. १५,००० ते २०,००० फेऱ्यांवर बोटं पसरतात आणि खाच असो वा उंचवटा, दोन्हींवर जाऊन टेकतात. कपने कस्प (दाढेवरचा उंचवटा) घासला जातो पण खाच कोरडीच राहते. पॉइंटने खाच होते आणि कस्पावर रेघ उमटते. स्पायरलमध्ये हा त्रास नाही. पुढच्या दातांवर बनवलेले उंचवटेही ती पुसून टाकत नाही.

तिची मर्यादा स्पष्ट आहे: ती आकार देत नाही. बरच्या खोल रेघा राहिल्या असतील तर स्पायरल त्यांनाही चमक देऊन सोडते. आणि दाब दिला की बोटं दुमडून मुळाशी तुटतात. पसरलेल्या बोटांची टोकं टेकतील एवढाच स्पर्श हवा. हातात जोर असलेल्यांच्या हाती हे चाक दोन-तीन पेशंटांत संपतं. हलक्या हाताच्या डॉक्टरकडे ऑटोक्लेव्ह होऊनही बरेच दिवस चालतं. किंमत बघून नाक मुरडण्याआधी एका चाकात किती दात होतात त्याने भागून बघा. अनेक वेळा ते डिस्कच्या जवळपास येतं.

खोल खाचांसाठी केरचा ऑक्लुब्रश हा अजून एक चांगला गडी. त्याच्या केसांतच सिलिकॉन कार्बाइड आहे, पेस्ट लागत नाही. पण आधी लाल आणि निळ्या आर्टिक्युलेटिंग पेपरने (चावल्यावर खूण उमटवणाऱ्या कागदाने) बाइट पूर्ण तपासून घ्या. पॉलिश झाल्यावर बाइट उंच निघाला तर त्या ठिकाणी पुन्हा बर लागतो आणि सगळं पहिल्यापासून.

पेस्ट आणि पट्ट्या

पेस्ट हा शेवटचा हात. प्रिझ्मा ग्लॉसमध्ये १ मायक्रॉनचं अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, त्याच्या अतिबारीक प्रकारात ०.३ मायक्रॉनचं. आधी जाड, मग बारीक, आणि प्रत्येकाला वेगळा कप किंवा फेल्ट. एकच कप दोन्हींना वापरला की बारीक पेस्टचा अर्थच संपतो. पेस्ट वाळू देऊ नये, शेवटी पाण्याचा थेंब टाकून फिरवावी. नॅनोफिलवर आणि पुढच्या दातांवर पेस्टचा फरक डोळ्यांना दिसतो. दाढेवर तिच्यासाठी वेळ घालवण्याची गरज नाही. क्लिनिंगसाठी ठेवलेली जाड प्रॉफी पेस्ट मात्र कॉम्पोझिटवर कधीच वापरू नये. ती केलेलं काम उलटं करते.

दोन दातांमधली जागा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित, आणि प्लाक तिथेच साठतो. सोफ-लेक्सच्या पट्ट्यांना मधे थोडा भाग कणांविना सोडलेला असतो, तो काँटॅक्टमधून (दोन दात टेकतात तिथून) सरकवायचा आणि मग दोन्ही बाजू ओढायच्या. पट्टी काँटॅक्टच्या खाली, हिरडीकडे झुकवून ओढा. काँटॅक्टवर ओढली तर तो उघडतो आणि अन्न अडकायला लागतं. धातूची पट्टी फक्त मोठा जास्तीचा माल काढायला. शेवटी फ्लॉस घाला. धागा सुटला, तुटला, अडकला तर तिथे काम बाकी आहे.

पृष्ठभागावर लावायच्या सीलंटबद्दल थोडक्यात. बिस्कव्हरसारखा माल १५ सेकंद एच करून (आम्ल लावून), धुऊन, कोरडा करून अगदी पातळ लावायचा आणि लाइट द्यायचा. बरने पडलेल्या सूक्ष्म भेगा तो भरतो. पण तो झिजतो, म्हणून पॉलिशिंगऐवजी सीलंट हा हिशेब चुकीचा. जाड लागला तर कडेला पिवळी रेघ धरतो.

जे पॉलिशरच्या हातात नाही

भरताना आत राहिलेला हवेचा बुडबुडा बरने उघडा पडतो आणि छोटं छिद्र दिसतं. तो कितीही घासला तरी मोठाच होत जातो. तिथे एच, बाँड आणि फ्लोएबलचा (पातळ कॉम्पोझिटचा) थेंब हाच उपाय. फ्रिजमधून काढलेला कॉम्पोझिट लगेच भरला तर तो घट्ट असतो, घड्या पडतात आणि बुडबुडे राहतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यातला पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सिरिंज फ्रिजमध्ये ठेवणं योग्यच, पण कामाच्या बऱ्याच आधी बाहेर काढून ठेवावी. इन्स्ट्रुमेंटला माल चिकटू नये म्हणून स्पिरिट किंवा बाँडिंग एजंट लावण्याची सवयही पॉलिशिंगला महागात पडते: वरचा थर पातळ, कमकुवत होतो आणि तिथेच आधी डाग धरतो.

लाइट कमी पडला असेल तर सगळंच व्यर्थ. अर्धवट क्युअर झालेलं कॉम्पोझिट घासताना कापलं जात नाही, फरपटतं. लाइट क्युअरच्या टोकावर कॉम्पोझिटचा चुरा चिकटलेला असतो का, हे रोज सकाळी बघावं.

त्याच बैठकीत पॉलिश करावं की दुसऱ्या दिवशी? लाइट बंद झाल्यावरही कॉम्पोझिट पुढचे काही तास घट्ट होत राहतं, मुख्यतः पहिल्या २४ तासांत. दाढेचं काम त्याच दिवशी पूर्ण करायला हरकत नाही. पुढच्या दातांवर आकार आणि पहिल्या पायऱ्या त्याच दिवशी, शेवटची चकाकी पुढच्या भेटीत ठेवणं फायद्याचं. रबर डॅमखाली (दात कोरडा ठेवणाऱ्या रबरी पडद्याखाली) दात सुकून पांढरट होतात. दुसऱ्या भेटीत ते मूळ रंगावर आलेले असतात, शेड जुळली का तेही तेव्हाच खरं कळतं.

टिकवण्याचा भाग

पुण्यात याचा विचार जास्तच करावा लागतो. अमृततुल्य चहा दिवसातून तीन-चार वेळा, रविवारी मिसळ, रोजच्या आमटी-भाजीत हळद. हळदीतलं कर्क्युमिन हे कॉम्पोझिटवर पटकन बसणाऱ्या रंगांपैकी एक. गुळगुळीत पृष्ठभागावरचा डाग ब्रशने निघतो. ओरखड्यात शिरलेला डाग पुन्हा डिस्क फिरवल्याशिवाय जात नाही. पहिले एक-दोन दिवस चहा-कॉफी, हळदीचे पदार्थ आणि तंबाखू टाळायला पेशंटला सांगावं. अल्कोहोल असलेला माउथवॉश रेझिन मऊ करतो, म्हणून अल्कोहोल नसलेला सुचवावा. दात पांढरे करण्याच्या नावाखाली विकली जाणारी कोळशाची पावडर आणि जाड मंजन तर सक्त बंद.

क्लिनिकमध्येही काळजी हवी. अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक कॉम्पोझिटवरून गेलं की एका फटक्यात सगळं पॉलिश जातं. फिलिंगभोवती हाताचा स्केलर वापरावा. आम्लयुक्त एपीएफ फ्लोराइड जेल काचेच्या फिलरला खातं. तोंडात बरीच कॉम्पोझिट असतील तर न्यूट्रल सोडियम फ्लोराइड वापरावं.

पहिलं किट घेणाऱ्या, भारती विद्यापीठ, रंगूनवाला, डी. वाय. पाटील किंवा सिंहगडच्या इंटर्नसाठी खरेदीची यादी छोटी ठेवतो: पिवळ्या पट्टीचे दोन बर, एक निमुळता आणि एक फुटबॉल आकाराचा; एक्सट्रा-थिन डिस्कचं पाकीट, त्यात बारीक आणि अतिबारीक जास्त; दोन पायऱ्यांच्या स्पायरलचा एक संच; कणांविना मध्य असलेल्या पट्ट्या; आणि १२ नंबरची ब्लेड. मोठं मिश्र किट घेतलं की त्यातल्या खरखरीत डिस्क वर्षानुवर्षं डब्यात पडून राहतात आणि पिवळ्या आधी संपतात. सुट्या रंगाची पाकिटं मिळत असतील तर तीच मागा, पाकिटावरचा बॅच नंबर आणि मुदत वाचा, आणि मँड्रेल एकाऐवजी दोन घ्या. मँड्रेलचं टोक झिजलं की डिस्क थरथरते. थरथरत्या डिस्कने कड कधीच नीट बसत नाही.